आपलीच मुलं, आपलंच घर, मग नोंदणी कशाला? इंदूरमधल्या ग्रुप होमबद्दल

केसरबाग:

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इंदूरमध्ये आम्ही सहा मराठी कुटुंबं आहोत. प्रत्येकाच्या घरी विशीच्या पुढचा एक बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे. मुलांची मैत्री विशेष शाळेपासूनची. आम्ही पालक आता साठीला आलोय किंवा पुढे गेलोय. आमच्यातल्या एकांचा लोकमान्य नगरातला बंगला रिकामा पडलाय. खालच्या मजल्यावर चार मोठ्या खोल्या, मागे अंगण, दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर. मुलांनी तिथे एकत्र राहायचं, स्वयंपाकाला आणि देखभालीला माणसं ठेवायची, पालकांनी पाळीपाळीनं जाऊन बघायचं, असं ठरलं. आम्ही आहोत तोवर मुलांना त्या घराची सवय व्हावी, म्हणजे आमच्या मागे त्यांना एका रात्रीत अनोळखी ठिकाणी जावं लागणार नाही.

इथवर सगळ्यांचं एकमत होतं. नोंदणीचा विषय मी काढला आणि तिथे दोन तट पडले. अर्धे म्हणाले, "मुलं आपली, घर आपलं, पैसा आपला. आपण काही आश्रम काढत नाही, देणग्या मागत नाही. सरकारला मध्ये कशाला घ्यायचं?"

माझं मत अगदी उलट आहे. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ (लागू १९ एप्रिल २०१७पासून) मी मुळातून वाचला. कलम ५० सरळ सांगतं की सक्षम प्राधिकाऱ्याच्या नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठीची संस्था कोणी काढायची नाही आणि चालवायचीही नाही. दिव्यांगांना ठेवून घेणं, त्यांची देखभाल, संरक्षण, शिक्षण, पुनर्वसन हे सगळं यात येतं. देणगी घेता की नाही, चालवणारे पालक आहेत की परके, यावरून कायदा फरक करत नाही. माझा मुलगा माझ्या घरी राहतो तेव्हा ते कुटुंब असतं. पण पगारी माणसांच्या भरवशावर सहा घरची मुलं एका छताखाली झोपायला लागली की त्यांच्या जिवाची जबाबदारी एका व्यवस्थेवर येते. त्या व्यवस्थेला बाहेरून कोणी तरी तपासलंच पाहिजे, आणि चालवणारे आम्ही स्वतः असलो तरी तपासलं पाहिजे.

ज्यांनी असं घर चालवलंय, ज्यांचं कोणी अशा घरात आहे, त्यांनी कृपया लिहावं. कागद कुठून सुरू करायचे, चालवणाऱ्यावर नेमकं काय काय येतं, सगळंच हवं आहे.

लष्करकर:

ताई, मी ग्वाल्हेरचा. माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, वय पंचावन्न. औषधं नियमित असली की तो शांत असतो, वर्तमानपत्र वाचतो, माझ्या हिशेबाच्या वह्याही तपासून देतो. तुमच्यासारख्या घरात त्याची सोय होईल का, हे विचारायलाच लिहितोय. एक म्हणणं मात्र ठामपणे मांडतो. नोंदणी नको म्हणणाऱ्यांना एरवाडीची आठवण करून द्या. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूतलं रामनाथपुरम जिल्ह्यातलं एरवाडी. झावळ्यांच्या शेडला आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. त्यांनाही त्यांच्या घरच्यांनीच, बरं वाटेल या आशेनं, तिथे नेऊन ठेवलेलं होतं.

ॲडव्होकेट_पलासिया:

लष्करकरांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

कोणता कायदा लागू होईल हे घरात कोण राहणार यावर ठरतं. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले प्रौढ राहणार असतील तर २०१६च्या कायद्याखाली नोंदणी. मानसिक आजार असलेली माणसं काळजी, उपचार, पुनर्वसन यांसाठी राहणार असतील तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, आणि मग ते घर 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरतं. त्याची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. बौद्धिक अक्षमता ही २०१७च्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येत नाही, ती स्पष्ट शब्दांत वगळली आहे. दोन्ही प्रकारची माणसं एकत्र ठेवली तर दोन्हीकडचे निकष पाळायची तयारी हवी. लहान घराला ते झेपत नाही. म्हणून लष्करकर, तुमच्या भावासाठी हे घर योग्य नाही असं मला वाटतं. त्यांच्यासाठी २०१७च्या कायद्यात हाफवे होम (इस्पितळ आणि घर यांच्या मधला निवारा) आणि आधारासह निवास यांची तरतूद आहे, आणि अशी सोय करणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे.

अठराखालचं एखादं निराधार मूल ठेवायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो तूर्त बाजूला ठेवा. तिथे बाल न्याय कायदा २०१५ येतो. कलम ४१ची नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय असं मूल परस्पर ठेवताच येत नाही.

आता केसरबागताईंच्या घराबद्दल. आधी कायद्याच्या नजरेत अस्तित्व असलेली एक संस्था हवी. सोसायटी (मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३), न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ची, म्हणजे नफ्यासाठी नसलेली कंपनी. सहा कुटुंबांसाठी सोसायटी सोपी पडते. मग सामाजिक न्याय आणि दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाच्या जिल्हा कार्यालयातून अर्जाची वाट धरायची. २०१६च्या कायद्याच्या कलम ५१प्रमाणे प्राधिकाऱ्यानं चौकशी करून ९० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं किंवा कारण देऊन नाकारायचं. नाकारण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि नाकारलं तर अपील आहे. मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा. प्रमाणपत्राची प्रत घरात ठळक जागी लावायची.

नोंदणी न करता चालवलं तर त्याच कायद्याचं कलम ८९. पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी किमान पन्नास हजार ते पाच लाख. खरं सांगायचं तर दंडाची रक्कम ही इथली सगळ्यात छोटी भीती. उद्या घरात अपघात झाला आणि नोंदणीच नसेल, तर पोलिसांपुढे आणि न्यायालयात तुमच्या चांगल्या हेतूला कसलाच आधार राहत नाही.

शेजारधर्म:

मी इंदूरचाच, अशाच एका जुन्या कॉलनीतला. माझा विरोध नाही, पण विचारतो. रहिवासी भागात असं केंद्र चालतं का? आमच्याकडे होस्टेलं सुरू झाली आणि पार्किंग, कचरा, रात्रीचा गोंगाट सगळंच वाढलं. लोक आधीच वैतागले आहेत.

केसरबाग:

दादा, प्रश्न रास्त आहे. सहा मुलं आणि तीन-चार माणसं म्हणजे एका जुन्या एकत्र कुटुंबाएवढी वर्दळ, याहून जास्त नाही. मुलांकडे गाड्या नाहीत. रात्री नऊला जेवणं आटोपून सगळी झोपतात. कायद्याचं म्हणाल तर त्याच २०१६च्या कायद्याचं कलम ५ आहे: दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. गावाबाहेर बायपासच्या पलीकडे स्वस्त जागा मिळत होती, आम्ही ती नको म्हटली. माझ्या मुलाला पोह्याच्या दुकानातला माणूस नावानं ओळखतो. ही ओळख बायपासपलीकडे मिळणार नाही.

घराच्या वापराबद्दल निगमाचं, म्हणजे महापालिकेचं, म्हणणं मात्र लेखी घेणार आहोत. आणि रहिवासी संघाला आधी घरी चहाला बोलावणार आहोत, मुलांसमवेत.

सयाजीगंज:

मी बडोद्याची. पालकांनीच सुरू केलेल्या अशाच एका घराचा रोजचा कारभार बरीच वर्षं बघते आहे. गुजरातचे अर्ज आणि कार्यालयं वेगळी, पण केंद्राचा कायदा एकच, आणि घरातले प्रश्न तर कुठेही गेलात तरी तेच. वकीलसाहेबांनी कागद सांगितले, मी रोजचं सांगते.

सगळ्यात आधी औषधं. अशा घरांत निम्म्या जणांना तरी काही ना काही गोळी सुरू असते. फिट्सच्या गोळ्या असतील तर एक वेळ चुकली तरी महागात पडू शकतं, आणि अचानक बंद केल्या तर जोराचे झटके येऊ शकतात. आमच्याकडे औषधांचं कपाट कुलपात असतं, किल्ली त्या पाळीच्या माणसाकडे. प्रत्येकाचं स्वतंत्र पान: फोटो, औषधाचं नाव, मात्रा, वेळ, आणि देणाऱ्याची सही. सही गोळी दिल्यावर करायची, आधी नाही. संपायला आठवडा राहिला की नवीन आणायची. डॉक्टरांनी मात्रा बदलली तर जुनं पान रद्द करून नवीन लिहायचं, त्याच पानावर खाडाखोड नाही. हे वाचायला साधं वाटतं. पाळायला फार जड आहे, कारण चौथ्या महिन्यात सगळ्यांना सगळं पाठ झालेलं असतं आणि वही मागे पडते.

दुसरं, आरोग्याची फाइल. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं थायरॉईड वरचेवर तपासावं लागतं, आणि त्यांच्यात विसरभोळेपणा इतरांपेक्षा कितीतरी लवकर, चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. "हल्ली हट्टी झालाय" म्हणून सोडून दिलेली गोष्ट कधी दुखरा दात असतो, कधी कानातला मळ, कधी बद्धकोष्ठ. ज्याला सांगता येत नाही त्याचं वागणं बदललं की आधी शरीर तपासायचं, ही आमच्याकडची पहिली शिस्त. कोणाला गिळायला त्रास होतो, कोणाला पोळी कुस्करूनच द्यायची, हे स्वयंपाकघरात भिंतीवर लिहिलेलं असतं.

निरामय विमा सगळ्यांचा काढून ठेवा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विम्याची योजना आहे, एक लाखापर्यंत. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि वयाची अट नाही. नूतनीकरण दरवर्षी आठवणीनं करावं लागतं.

तिसरं, पैसे. मुलांची पेन्शन, पालकांनी ठेवलेले पैसे आणि घराचा खर्च यांच्या वह्या वेगळ्या हव्यात. मुलाच्या खात्याचं एटीएम कार्ड घराच्या व्यवस्थापकाकडे कधीही नको. चालवणाऱ्यांपैकी कोणीही त्याच्या ठेवीवर वारस किंवा नॉमिनी नको. माणसं चांगली आहेत म्हणून चालतं असं म्हणू नका. चांगली माणसं बदलतात, नोकरी सोडतात, वारतात. व्यवस्था त्यांच्यामागे टिकली पाहिजे.

करारनाम्याबद्दल नंतर लिहिते.

रात्रपाळी:

मी अशा एका निवासी संस्थेत देखभालीचं काम केलंय, नाव आणि गाव सांगत नाही. सगळे इमारत, कागद, पैसा बोलताहेत. मी माणसांचं बोलतो.

आम्ही रात्री एकटे असायचो. एक माणूस आणि मोठा हॉल. एकाला फिट आली की त्याला कुशीवर वळवून, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवून, घड्याळ बघत बसायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी बोलवायची. त्या वेळी बाकीचे उठून रडायला लागतात, एखादा दाराकडे पळतो. कोणाकोणाला धरणार? मला फिटबद्दल कोणीही शिकवलं नव्हतं. आधीच्या दादाकडून बघून शिकलो.

म्हणून ताई, रात्री किमान दोन माणसं ठेवा, त्यातलं एक जागं. मुली असतील तर त्यांच्या भागात रात्री बाईच हवी. पोलिस पडताळणी सगळ्यांची करा, पालकांच्या ओळखीतून आलेल्याचीही. पगार वेळेवर द्या, आठवड्याची सुट्टी द्या. सलग बारा-बारा तास काम केलेला माणूस चिडतो. मी मारहाण केली नाही, पण हात उगारलेली माणसं बघितली आहेत. बरीचशी मनानं वाईट नव्हती, थकलेली होती. चालवणाऱ्यानं त्यांना थकू दिलं, हा चालवणाऱ्याचा दोष आहे. आणि ज्यानं हात उचलला त्याला त्याच दिवशी कामावरून दूर करा, दया दाखवू नका.

सयाजीगंज:

रात्रपाळी, तुमचा प्रत्येक शब्द खरा आहे. आम्ही माणसांना पहिले पंधरा दिवस कोणा ना कोणाच्या जोडीनंच ठेवतो आणि फिटचं प्रात्यक्षिक दर काही महिन्यांनी परत घेतो. मारहाणीबद्दल कायद्याचंही सांगते. दिव्यांग व्यक्तीला अपमान करण्याच्या हेतूनं मारणं, ताब्यात असताना मुद्दाम अन्नपाणी न देणं, बाईच्या किंवा मुलीच्या असहायतेचा फायदा घेऊन लैंगिक शोषण करणं, या सगळ्याला २०१६च्या कायद्याच्या कलम ९२खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. घरातल्या घरात मिटवायचा हा विषय नाही. त्याच कायद्याच्या कलम ७प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे माहिती देता येते, आणि हे कोणीही करू शकतं, शेजारीसुद्धा.

अबकड_पालक:

मी केसरबागताईंच्या सहा कुटुंबांपैकीच एक, नोंदणी नको म्हणणाऱ्या बाजूचा. माझी बाजू नीट मांडतो.

माझी मुलगी एकतीस वर्षांची आहे. तिच्या दिव्यांगता प्रमाणपत्रासाठी, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), समग्र आयडीतल्या (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी क्रमांक) दुरुस्तीसाठी आम्ही इतकं फिरलोय की सरकारी कार्यालयाच्या पायरीवर पाय ठेवायची इच्छा उरलेली नाही. निरीक्षणाला येणारा माणूस खिडक्या मोजेल, शौचालयं मोजेल, रजिस्टरं मागेल. मुलगी आनंदी आहे का हे तो विचारणार नाही. एखादा कागद कमी पडला तर घर बंद करा म्हणेल. मग माझी मुलगी कुठे जाईल? सहा आयांची नजर ज्या घरावर आहे त्याला आणखी कोणाची नजर कशाला?

केसरबाग:

दादा, तुम्ही इथे येऊन लिहिलंत हे फार बरं केलंत. बैठकीत आवाज चढतात, इथे निवांत बोलता येईल.

तुमचा थकवा मला ठाऊक आहे, मीही त्याच खिडक्यांसमोर उभी राहिले आहे. पण सहा आयांची नजर किती वर्षं राहील? हे घर आपण आपल्या नंतरच्या काळासाठी बांधतोय. त्या काळात आपण नसू. तेव्हा नजर कोणाची असेल, याची सोय आज करायची आहे. आज नोंदणी केली, रजिस्टरं ठेवायची सवय लावली, बाहेरच्या माणसानं वर्षातून एकदा येऊन बघायचं हे पहिल्या दिवसापासून मान्य केलं, तर पुढे चालवणाऱ्यांना ते टाळता येणार नाही. आपणच "आपलं घर आहे" म्हणून दार लावून घेतलं, तर आपल्यामागे येणारा व्यवस्थापकही तेच म्हणेल, आणि तेव्हा त्याला विचारायला कोणी नसेल.

बंद दाराआड काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची पुण्याला ससूनमध्ये गर्भाशयं काढली गेली. पाळीच्या वेळची स्वच्छता सांभाळता येत नाही, हे कारण होतं. महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, तुम्हालाही आठवत असेल. तिथे परवाना होता, सरकार होतं, डॉक्टर होते. नव्हतं ते त्या मुलींच्या बाजूनं विचारणारं कोणी. आज २०१६च्या कायद्याचं कलम १० आहे: मुक्त आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येत नाही. हे तुमच्या मुलीच्या रक्षणासाठी आहे, आणि उद्या आपल्याच घरातल्या एखाद्या दमलेल्या व्यवस्थापकापासूनही तिचं रक्षण करेल.

मुजफ्फरपूरचं बालिकागृह तर नोंदलेलं, अनुदानित होतं. तिथलं शोषण उघड झालं ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या लोकांनी बिहारमधल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं, मुलींशी बोलले, तेव्हा. म्हणजे नुसता परवाना पुरत नाही हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. खिडक्या मोजणारा निरीक्षक पुरेसा नाही. पण त्यावर उपाय निरीक्षक नको हा नाही. त्याच्या जोडीला मुलांशी बोलणारं बाहेरचं माणूस हवं. आपण स्वतःहून दुसऱ्या संस्थेतल्या एका विशेष शिक्षिकेला दर तिमाहीला बोलावू. ती न सांगता येईल, मुलांशी एकटी बोलेल, जे बघेल ते लिहून देईल, आणि ते लिहिलेलं आपण सगळे वाचू.

आणि आपलं इंदूर. जुलै २०२४मध्ये आपल्याच शहरातल्या एका निवासी संस्थेत उलट्या-जुलाबांनी दिव्यांग मुलं दगावली. तपासणीत कॉलरा निघाला. जागेपेक्षा मुलं जास्त होती, वैद्यकीय नोंदी नीट नव्हत्या, हे चौकशीत पुढे आलं. त्या आठवड्यात मी झोपू शकले नाही. टाकी कधी धुतली, पाणी कधी तपासलं, पहिल्या मुलाला जुलाब कधी सुरू झाले हे लिहिलेलं असणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. खिडक्या आणि शौचालयं मोजणाऱ्या माणसाचा तुम्हाला राग येतो, पण किती मुलांमागे किती शौचालयं हा प्रश्न त्या आठवड्यात जीवन-मरणाचा होता.

अबकड_पालक:

विचार करतो. न सांगता येणाऱ्या शिक्षिकेची कल्पना पटली. पण घर बंद झालं तर काय, याचं उत्तर अजून मिळालं नाही.

ॲडव्होकेट_पलासिया:

त्याचं उत्तर कायद्यात अर्धं आहे, उरलेलं तुम्हाला लिहावं लागेल.

नोंदणी रद्द करण्याआधी बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, त्यावर अपीलही आहे. रद्द झालीच तर तिथे राहणाऱ्यांना आईवडील, जोडीदार किंवा कायदेशीर पालक यांच्या ताब्यात द्यायचं किंवा दुसऱ्या संस्थेत हलवायचं, असा आदेश प्राधिकारी देऊ शकतात. अडचण अशी की तोवर आईवडील हयात नसतील तर "दुसरी संस्था" म्हणजे कोणती, हे ऐनवेळी ठरेल. ते आजच ठरवा. दुसऱ्या एका नोंदणीकृत घराशी लेखी समझोता करा, की अडचणीच्या काळात ते तुमच्या मुलांना घेतील आणि तुम्ही त्यांच्या. काही महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात, फक्त याच कामासाठी. सोसायटीच्या नियमावलीत हे कलम घाला, म्हणजे पुढच्या कार्यकारिणीला सहज मोडता येणार नाही.

धाकटी:

मी पालक नाही, बहीण आहे. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, स्वमग्न. मी नोकरीनिमित्त पुण्यात. सगळे गृहीत धरतात की आईबाबांनंतर सह्या मीच करणार. करायला मी तयार आहे, पण माझ्याकडे कागद काय असेल? आणि घर चालवणारी संस्थाच त्याची पालक होऊ शकते का? आईला कोणीतरी तसं सुचवलंय.

ॲडव्होकेट_पलासिया:

ताई, अठरा पूर्ण झाली की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ आहे. त्याच्या कलम १४खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. समितीत कलेक्टर दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. इंदूरला हे काम कलेक्टोरेटमधून, मोती तबेल्याहून चालतं. अर्ज आईवडिलांचा किंवा नातेवाइकाचा. तुमचं नाव आत्ता आईबाबांच्या हयातीतच मांडून ठेवा.

नोंदणीकृत संस्थाही पालक होऊ शकते, कायदा मनाई करत नाही. पण माझा सल्ला स्पष्ट आहे: जो घर चालवतो त्याच्याकडे पालकत्व देऊ नका. घराबद्दल तक्रार करायची वेळ आली तर ती पालकानं करायची असते. घर आणि पालक एकच झाले तर तक्रार करणार कोण? पालकावरही कायद्यानं हिशेब ठेवलाय. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. निष्काळजी निघाला तर काढून टाकण्याची सोय आहे.

आणि दादाला विचारा. २०१६च्या कायद्याचं कलम १३ त्याला इतरांसारखीच कायद्यापुढे मान्यता देतं, आणि त्या कायद्यातलं पालकत्व हे परस्पर समजुतीनं, त्याच्यासह निर्णय घेण्याचं आहे. कुठे राहायचं, खोलीत कोण असावं, हे बरीच स्वमग्न माणसं शब्दांशिवायही अगदी ठाम सांगतात.

धाकटी:

मनापासून आभार. दादा चित्रं दाखवून सांगतो. घराचे फोटो घेऊन त्याच्यासमोर बसते या सुट्टीत.

सयाजीगंज:

करारनाम्याचं राहिलं होतं. प्रत्येक कुटुंबाशी वेगळा लेखी करार हवा: महिन्याचा खर्च, कशाकशाचा समावेश, वाढ कशी ठरेल, भरणं थांबलं तर काय, पालक वारल्यावर कोणाशी बोलायचं, इस्पितळात न्यायचं झालं तर कोणाला कळवायचं. त्याला प्रत्येक मुलाची स्वतंत्र आखणी जोडा: त्याला काय येतं, काय शिकायचंय, कशानं घाबरतो, कशानं शांत होतो. आणि भेटीच्या वेळा. आमच्याकडे पहिले महिनाभर पालकांनी येऊ नये असा नियम काहींनी सुचवला होता, "मूल रुळत नाही" म्हणून. आम्ही तो फेटाळला. ज्या घरात पालकांना केव्हाही येता येत नाही तिथे मूल ठेवू नये, इतकं माझं सरळ मत आहे.

केसरबाग:

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा बसलो. अबकड दादांनी स्वतःच नियमावलीचा मसुदा लिहायला घेतलाय आणि घर बंद पडल्यास काय, ते कलम त्यांनी सगळ्यात आधी लिहिलं.

ठरलं ते असं. सोसायटी नोंदवायची, कार्यकारिणीत पालकांचं बहुमत नको. एक डॉक्टर, एक विशेष शिक्षिका, एक दिव्यांग व्यक्ती आणि कोणाचीही नातेवाईक नसलेली एक व्यक्ती घ्यायची. २०१६च्या कायद्याखालचा अर्ज आधी, मग राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मुलं दिवसा जातील, चहा-नाश्ता करतील, अंगणात खेळतील, पण रात्री एकही मूल तिथे झोपणार नाही. यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. रात्रपाळीला दोन माणसं, हेही लिहिलं. खर्च वाढतो, पण कोणी हरकत घेतली नाही.

सयाजीगंज ताई, तुमच्या औषधाच्या पानाचा नमुना मिळेल का?

सयाजीगंज:

आज संध्याकाळी पाठवते. आमच्या पानात शेवटी एक रकाना आहे, तो काढू नका: गोळी दिली नसेल तर का दिली नाही. उलटी झाली, झोपला होता, तोंड मिटून बसला, संपली होती, जे असेल ते. डॉक्टर आमच्याकडे आले की आधी तोच रकाना बघतात.